एक स्क्रू कमी

सिस्टरांना गल्लीत कुणी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती, सर्जनच्या शेजारी उभं राहून, हत्यारांच्या ट्रेवर एक डोळा आणि पेशंटवर दुसरा ठेवून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पोस्टमनपासून वरच्या मजल्यावरच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. यजमान होते तेव्हा तेसुद्धा वादात हरले की हात जोडून म्हणायचे, "बरं सिस्टर, तुमचंच खरं." आई म्हणणारी माणसं दोनच. एक मुलगा, तो जहाजावर नोकरीला, वर्षातले सात महिने पाण्यावर. आणि दुसरी सूनबाई, जिची ही गोष्ट आहे.

सूनबाई घरूनच काम करायची. इमारत उभी राहायच्या आधी ती आतून कशी दिसेल, खिडकीतून ऊन कुठवर येईल, याची चित्रं ती कॉम्प्युटरवर तयार करायची. चित्रं इतकी हुबेहूब की बघणाऱ्याने खुर्ची ओढून बसावं. पण तिचा जुना कॉम्प्युटर आता पार थकला होता. एक खोली रंगवायला घेतली की त्याला धाप लागायची, आणि सूनबाई तोवर कपडे वाळत घालून, केस धुऊन परत यायची. दुरुस्तीला नेला तर मेकॅनिक म्हणाला, "हा उघडायचा नसतो. कंपनीने चिकटवूनच दिलाय."

हे वाक्य सूनबाईच्या मनाला लागलं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते आपल्याला उघडताही येऊ नये? तिने ठरवलं, आता नवा घ्यायचा तो स्वतः बांधायचा. एकेक भाग निवडून, आपल्या हाताने.

तीन महिने तिने नुसतं वाचन केलं. कुठल्या मदरबोर्डला कुठला प्रोसेसर बसतो, ग्राफिक्स कार्ड किती लांब, ते कॅबिनेटमध्ये मावेल का, पंखा किती उंच. शिवणाची टेप घेऊन ती टेबलाखालची जागा मोजायची आणि वहीत लिहायची. सुटे भाग विकणारा जाड चष्म्याचा दुकानदार तिच्या प्रश्नांनी मेटाकुटीला आला.

"मॅडम, मी जोडूनच देतो ना," तो म्हणाला. "दोन तासांचं काम. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता?"

"मला तो त्रासच हवाय," सूनबाई म्हणाली.

खोके घरी आले. मंगळवारी सिस्टर दिवसभर एका जुन्या मैत्रिणीकडे जाणार होत्या. सूनबाईने मनाशी म्हटलं, बरं झालं, संध्याकाळी घरी येतील तेव्हा समोर चालू कॉम्प्युटर. त्या बाहेर पडल्या तशी तिने जमिनीवरच पसारा मांडला. खोके, पिशव्या, केबलींची वेटोळी, माहितीची पुस्तकं, सगळ्याच्या मधोमध ती. प्रोसेसर खाचेत ठेवताना तिने श्वास रोखला होता. पंखा बसला, मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये गेला, स्क्रू फिरले, केबली लागल्या. दुपारी तीनला तिने ओढणीने घाम पुसला आणि बटण दाबलं.

पंखा पाव वेढा फिरला आणि थांबला.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा पाव वेढा. केबली काढून लावल्या, भिंतीवरचं दुसरं सॉकेट वापरून बघितलं. पाचव्या वेळी पंख्याने अंग हलवलं आणि मान टाकली. तीन महिन्यांचा अभ्यास, दुकानदारासमोर केलेला रुबाब, आणि हात दाखवून हे असं अवलक्षण! तिने पसारा आवरला, कॅबिनेट कोपऱ्यात ढकललं आणि त्यावर जुनी चादर टाकली.

नवऱ्याचा जहाजावरून फोन आला तेव्हा तिने त्याला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पॉवरची केबल नीट बघ. नाहीतर पॉवर सप्लायच बदल. नाहीतर बोर्ड बदल." हजारो मैलांवरून, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तिने फोन ठेवला आणि धापा टाकणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर काम सुरू केलं. एका शाळेच्या नव्या वाचनालयाची चित्रं द्यायची होती, आणि तो सारखा मध्येच झोपत होता.

शुक्रवारी सकाळी सिस्टर चहाचा कप घेऊन तिच्या खोलीत आल्या आणि कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "तीन दिवस झाले, पेशंटला चादरीखाली ठेवलंयस. गेलाय की झोपलाय?"

सूनबाईला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिने सगळं सांगितलं. ती थांबल्यावर सिस्टरांनी एकच विचारलं.

"उघडलास तेव्हा मोजणी केली होतीस?"

"कसली मोजणी, आई?"

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "कसली म्हणजे? पोट उघडायच्या आधी मोजायचं, बंद करायच्या आधी मोजायचं. दुसरं आहे काय आमच्या धंद्यात?"

अर्ध्या तासात जेवणाचं टेबल रिकामं झालं, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसलं गेलं. त्यावर धुतलेली पांढरी चादर आली. खिडकीचा पडदा बाजूला झाला, अभ्यासाचा दिवा आला. सूनबाई म्हणाली, "आई, कापडावर ठेवून जोडू नये म्हणतात. स्थिर वीज तयार होते." सिस्टरांनी चादर तिथल्या तिथे उचलली. "हे तुझं क्षेत्र. सांगायचंस, मी ऐकणार. मग कशावर?" सूनबाईने बोर्ड ठेवायला त्याचाच पुठ्ठ्याचा खोका दिला. काहीही हातात घ्यायच्या आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते, हेही सांगितलं. त्यानंतर दिवसभरात सिस्टरांनी किती वेळा त्या लोखंडाला हात लावला असेल याची गणती नाही. एकदाही विसरल्या नाहीत, सूनबाई दोनदा विसरली.

मग त्यांनी कप्प्याकप्प्यांचा डबा आणला, ज्यात त्या बटणं ठेवायच्या. बटणं ओतून टाकली. प्रत्येक कप्प्यापुढे कागदाचा तुकडा: बोर्डचे, पंख्याचे, डिस्कचे, झाकणाचे.

"आता उघड. आणि काय करतेयस ते मोठ्याने बोलत कर."

"का?"

"मनातल्या मनात केलेली चूक ऐकू येत नाही."

सूनबाई बोलत बोलत उघडत गेली. सुरुवातीला तिला शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखं वाटलं. नंतर जीभ सैल झाली. ग्राफिक्स कार्ड काढते, आधी खालची पट्टी दाबते. चोवीस तारांची केबल काढते. मेमरीच्या दोन पट्ट्या काढते. सिस्टर प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी घेत, कडेला धरत, ठरलेल्या जागी ठेवत. त्यांना रॅम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, बारा तारांची केबल आणि चोवीस तारांची यांत फरक काय ते ठाऊक नव्हतं. पण कुठली वस्तू कुठून निघाली आणि कितवी निघाली हे त्यांना न बघता सांगता येत होतं. सूनबाई मनात म्हणाली, माझ्या तीन महिन्यांच्या वाचनात हे कुठेच नव्हतं.

बोर्ड धरून ठेवणारे स्क्रू निघाले. सिस्टरांनी ते कप्प्यात टाकताना मोजले. नऊ.

"पाकीट कुठाय ह्यांचं?"

पाकीट कचऱ्याच्या पिशवीत होतं. ते शोधून त्यांनी चष्मा लावून वाचलं. "ह्यावर दहा लिहिलंय. भोकं नऊ. म्हणजे एक उरायला हवा. कुठाय?"

"नऊच असतील, आई. छापण्यात चूक झाली असेल."

"असेल. दहा आहेत असं धरून चालू या."

"नाहीतर पडला असेल खाली कुठेतरी. झाडताना गेला असेल."

सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. थिएटरमध्ये नव्या मुलींकडे बघत असतील तसं. "काही आवाज आला होता का, त्या दिवशी?"

सूनबाईचे हात थांबले. आला होता. चौथा की पाचवा स्क्रू लावताना तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकावरून सुटला होता, आणि आत कुठेतरी टिक् असा आवाज झाला होता. तिने वाकून बघितलं, दिसला नाही, म्हणून पाकिटातून दुसरा घेतला होता. नंतर शोधू म्हणून. आणि ते 'नंतर' आलंच नव्हतं. तिने तीन दिवस पॉवर सप्लायला, दुकानदाराला, स्वतःच्या नशिबाला दोष दिला, आणि तो आवाज कानात असूनही आठवला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"आला होता," ती म्हणाली.

"मग उचल बोर्ड."

तिने बोर्ड हळूच उचलला. खाली बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी पाय दिसले, आणि एका पायाला खेटून, पत्र्याला टेकलेला, तो दहावा स्क्रू. बोर्ड खाली बसला की त्याच्या पाठीवरच्या झाळकामाच्या टाक्यांना तो टेकत होता. वीज जायला हवी त्या वाटेने न जाता त्याच्यातून पत्र्यात पळत होती, आणि पॉवर सप्लाय शहाणा म्हणून दर वेळी स्वतःच बंद होत होता.

सिस्टरांनी भुवयांच्या चिमट्याने तो उचलला आणि कप्प्यात टाकला. "दहा," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. ना 'बघ, मी म्हटलं होतं', ना काही.

सूनबाईने मात्र खुर्चीवर बैठक मारली. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं? मला आकडा जुळत नव्हता एवढंच कळलं." मग त्या म्हणाल्या, "एकदा एक मोठे डॉक्टर पोट शिवायला निघाले आणि माझा एक मॉप कमी. रक्त टिपायचं कापड असतं ना, ते. मी म्हटलं, थांबा. ते ओरडले, पेशंट टेबलावर किती वेळ ठेवायचा? मी म्हटलं, मोजणी जुळेपर्यंत. सुई हातातच धरली मी, दिली नाही. वीस मिनिटं सगळे शोधतायत."

"आणि पोटात सापडला?"

"छे! डॉक्टरांच्या बुटाला चिकटला होता." सिस्टर हसल्या. "महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. पण पुढच्या ऑपरेशनला शिवायच्या आधी स्वतःहून विचारलं, सिस्टर, मोजणी? मग मी सुई दिली."

आठ वर्षं सूनबाई ह्या घरात होती. सिस्टर थिएटरमध्ये होत्या हे तिला माहीत होतं, जसं एखाद्याचं मूळ गाव माहीत असतं. पण त्या तिथे काय होत्या, हे तिला आज, जेवणाच्या टेबलाशी, दहा स्क्रूंच्या साक्षीने कळत होतं.

चहा झाला. पुन्हा जोडणी सुरू झाली. ह्या वेळी कॅबिनेट आडवं होतं, जमिनीवर उभं नव्हतं. सूनबाई बोलायची, "नववा स्क्रू," आणि तिचा हात पुढे येण्याआधी तळव्यात स्क्रू असायचा. स्क्रूड्रायव्हर मुठीकडून यायचा, तळव्यावर टप् असा बसायचा, म्हणजे मान वर करायलाच नको. तिला पहिल्यांदा कळलं की डोळे कामावरून न उचलता काम करणं ही काय चैन आहे. एका जागी तिचा हात आत पोचेना, तर दिव्याचा झोत तिने न सांगताच तिकडे वळला.

दुपारी दोनला बटण दाबलं. पंखे फिरले, आणि फिरतच राहिले. सूनबाई टाळी वाजवणार, तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. पडदा काळाठिक्कर. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही.

"श्वास चालू आहे," सिस्टर म्हणाल्या, "शुद्ध नाही."

सूनबाईचा धीर सुटला. "आई, जाऊ दे. दुकानदाराला बोलावते. त्याचं काम ते त्यालाच जमतं."

"बोलाव हवं तर. पण आधी मला सांग, तो लाल दिवा कसला?"

बोर्डच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा जळत होता. सूनबाईने पुस्तक उघडलं. चार दिवे, चार आजार, प्रत्येकाचा वेगळा. हा मेमरीचा होता. बोर्डला मेमरी सापडत नव्हती.

तिने वीज बंद करून पट्ट्या तपासल्या. दिसायला दोन्ही जागेवर होत्या. पण नीट बघितल्यावर एका पट्टीचं एक टोक केसभर वर होतं. तिने अंगठा ठेवून दाबलं आणि लगेच हात काढला. मदरबोर्ड खाली वाकल्यासारखा वाटला तिला. "तुटेल, आई. तुम्ही दाबा. तुमचा हात स्थिर आहे."

"मी नाही."

"का?"

"सर्जन तू आहेस. मी सिस्टर." त्यांनी हात पाठीमागे घेतले. "एकतीस वर्षांत मी एकदाही सुरी चालवली नाही, कुणी दिली तरी. तुला वाचून माहीत आहे ना किती जोर लागतो?"

"हो. जरा जास्तच लागतो म्हणतात. आवाज येईपर्यंत."

"मग दाब. घाबरत दिलेलं इंजेक्शन जास्त दुखतं."

सूनबाईने लोखंडाला हात लावला. दोन्ही अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले, आणि सरळ खाली, एकसारखा जोर दिला. खट्. दुसऱ्या पट्टीलाही. खट्. तो आवाज ऐकताच तिला समजलं की मंगळवारीही तो आला नव्हता, आणि सकाळीही नाही.

बटण दाबलं. दाण्याएवढा दिवा लागला, शेजारचा लागला, मग एकेक करून चारही विझले. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. सूनबाईने एक चीत्कार केला, असा की वरच्या मजल्यावरून मास्तरांनी विचारलं, "सिस्टर, सगळं ठीक ना?"

"ठीक!" सिस्टर खिडकीतून ओरडल्या. "शुद्धीवर आला!"

आणि मग, सूनबाई पडद्याला डोळे लावून बसली असताना, त्यांनी शांतपणे डब्याचे कप्पे तपासले, टेबलावरची हत्यारं मोजली, उरलेला एक स्क्रू पाकिटात घालून पाकीट बंद केलं. "आता लाव झाकण," त्या म्हणाल्या.

वाचनालयाची चित्रं वेळेआधी दोन दिवस गेली. जे काम जुन्यावर दीड तास चालायचं ते आता भाजी चिरून होईतो संपायचं. सिस्टर शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "ही वरची फळी कुणासाठी? सहा वर्षांच्या पोराचा हात पोचतो का तिथे?" सूनबाईने फळी खाली आणली. शाळेच्या बाईंना नेमकी तीच गोष्ट आवडली.

दुकानदाराला तिने सगळी हकिकत सांगितली. तो चष्मा पुसत म्हणाला, "मॅडम, आठवड्याला दोन कॉम्प्युटर येतात माझ्याकडे, बंद पडले म्हणून. त्यांतल्या निम्म्यांत हेच असतं. तुमच्या सासूबाई माझ्याकडे नोकरी करतील का हो?"

हे ऐकून सिस्टर खूश झाल्या, पण नोकरीला नाही म्हणाल्या. त्याऐवजी पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःहून विषय काढला. मला एक हवा. छोटा चालेल. पण बांधणार मी.

भाग निवडायला त्यांनी महिना घेतला. जोडायला चार दिवस, रोज सकाळी दोन तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. हत्यारं द्यायला सूनबाई उभी. तिला वाटलं होतं, हे काय, सोपं आहे. पहिल्याच दिवशी तिला कळलं की करणाऱ्यापेक्षा देणारा जास्त थकतो. करणाऱ्याला फक्त आत्ताचं बघायचं असतं, देणाऱ्याला पुढचं. फोनची एक घंटा वाजली म्हणून तिने मान वळवली, तेवढ्यात सिस्टरांचा पसरलेला तळवा रिकामा राहिला. त्यांनी हात मागे घेतला नाही, वाट बघत राहिल्या. त्या रिकाम्या तळव्याने सूनबाईला जी लाज आणली ती आठ वर्षांत कुठल्या बोलण्याने आणली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने फोन दुसऱ्या खोलीत ठेवला.

सिस्टरांचा कॉम्प्युटर पहिल्याच बटणाला सुरू झाला. सूनबाई उड्या मारत होती. त्या म्हणाल्या, "त्यात काय, मोजणी जुळली होती," पण कान लाल झाले होते.

आता त्या त्यावर काय करतात? दुपारी वामकुक्षी झाली की शेजारच्या खोलीत बसून ऑपरेशनं बघतात. जगभरच्या थिएटरमधली, शिकाऊ डॉक्टरांसाठी टाकलेली. एकतीस वर्षं त्यांनी ती खांद्यावरून, मधल्या फटीतून बघितली होती. आता सगळं समोर, हवं तिथे थांबवून. नुसतं बघतात असंही नाही. परवा सूनबाई कामाच्या बैठकीत होती, पडद्यावर चार गंभीर चेहरे, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं बाई, आधी चिमटा दे त्यांना! बघतेयस काय तोंडाकडे!"

चार गंभीर चेहऱ्यांतला एक म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे काही चाललंय का?"

"हो," सूनबाई म्हणाली. "शेजारच्या खोलीत आतड्याचं ऑपरेशन चाललंय. आपण चालू ठेवू या, त्यांना अजून तासभर लागेल."